बाहेरच्या वकिलांची बिले: कंपनीच्या विधी विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलच्या नियम 49 मुळे वकिली थांबते, हे बेळगावातून कायद्याची पदवी घेऊन उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखान्यांत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. न्यायालयात उभे राहायला बाहेरचा वकील लागतोच; पण त्याच्यावर किती खर्च होईल, हा व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न महाविद्यालयात कोणी शिकवत नाही.

दर कितीही घासाघीस करून ठरवला, तरी पैसा जातो तो तारखांवर. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठातील आमच्या एका प्रकरणाचे बिल मी प्रथम तपासले, तेव्हा प्रत्येक तारखेला पूर्ण हजेरीचे शुल्क लावलेले आढळले. त्यांतील बऱ्याच तारखांना प्रकरण पुकारलेच गेले नव्हते, तर काही वेळा समोरच्या पक्षाने मुदत मागून घेतली होती. माझ्या येण्यापूर्वी वकिलाला दिलेल्या नेमणूकपत्रात ‘प्रति हजेरी’ एवढेच लिहिलेले असल्यामुळे हरकत घ्यायला आधार नव्हता, आणि तो आकडा वरिष्ठांपुढे मांडताना झालेली कुचंबणा मला आजही अस्वस्थ करते. म्हणून कळकळीने सांगतो: हजेरी कशाला म्हणायचे, हे नेमणूकपत्रातच लिहून घ्या. युक्तिवाद किंवा साक्ष झाली तर किती, नुसती तहकुबी झाली तर किती, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामकाजाच्या यादीत, असूनही प्रकरण पुकारले गेले नाही तर काही द्यायचे की नाही, कनिष्ठ वकील उभा राहिला तर किती आणि तहकुबी आपल्याच वकिलाने मागितली तर काय, यातले एकही कलम सोडू नका. मग बिलातील प्रत्येक तारीख सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र ओळख क्रमांक) घालून ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावरील नोंदीशी ताडून पाहा. हे काम कंटाळवाणे आहे, पण अवघड मुळीच नाही.

‘मोठ्या वकिलांना बिलाबद्दल विचारू नये’, हा ज्येष्ठांचा सल्ला मला मान्य नाही. नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाने चांगला वकील दुखावत नाही. ‘जिंकल्यावर टक्केवारी देऊ’ ही पळवाट मात्र सुचवूही नका. निकालावर अवलंबून फी ठरवण्यास वकिलांना मनाई आहे.

धारवाडला 2008 साली सर्किट बेंच (उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ) आले आणि 2013 साली ते कायम खंडपीठ झाले; तरीही साध्या तारखेसाठी बेंगळुरूहून वकील आणून प्रवास व मुक्कामाचा भार सोसणाऱ्या कंपन्या आहेत. तारखा धारवाडच्या वकिलाकडे द्याव्यात आणि ज्येष्ठ वकील अंतिम सुनावणीसाठीच बोलवावा, असे माझे ठाम मत आहे. जमिनीच्या वादात 1956 पूर्वीची, मुंबई राज्याच्या काळातील मराठी कागदपत्रे निघतात, काही तर मोडीत असतात. त्यांचे लिप्यंतर आणि भाषांतर इथल्याच जाणकारांकडून करून घ्यावे. वकिलांच्या फर्ममार्फत गेल्यास तेच काम महाग पडते.

अंदाजपत्रक करताना फीवरचा 18 टक्के जीएसटी धरायला विसरू नका. वकिलांच्या सेवेवर तो रिव्हर्स चार्जने, म्हणजे वकिलाऐवजी सेवा घेणाऱ्या कंपनीला, कॅश लेजरमधून (जीएसटी खात्यात जमा केलेल्या रोख रकमेतून) भरावा लागतो. भरलेल्या कराचे क्रेडिट (इतर करातून वजावट) मिळाले तरी ते नंतर मिळते, आणि लेखा विभागाला ती रक्कम आधी उभी करावी लागते.