अमेरिकेत राज्य बदलताना एसी-हीटिंगचा परवाना कसा मिळवावा

एसी-हीटिंगच्या कामाचा परवाना एका राज्यातून दुसऱ्या राज्यात ‘ट्रान्स्फर’ करायचा, असं सगळेच म्हणतात. प्रत्यक्षात हा परवाना केंद्र सरकार देत नाही, ज्याचं त्याचं राज्य देतं. त्यामुळे नव्या राज्यात तुम्ही नवे अर्जदारच असता आणि जुना परवाना तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. तो पुरावा जिवंत ठेवा: नवा परवाना हातात पडेपर्यंत जुन्याचं नूतनीकरण चुकवू नका. निघताना जुन्याची फी कशाला भरायची, असा विचार करून तो संपू देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

पायरी १: हातात नेमके कोणते कागद आहेत ते पाहा

रेफ्रिजरंट (एसीतला गार करणारा वायू) हाताळण्यासाठी लागणारं ईपीएचं, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याचं, ‘सेक्शन ६०८’ प्रमाणपत्र केंद्राचं आहे. ते पन्नासही राज्यांत चालतं आणि त्याची मुदत संपत नाही. कार्ड हरवलं असेल तर ईपीएकडे मागू नका, तिथे ही नोंद नसते. ज्या संस्थेकडे परीक्षा दिली तिच्याकडूनच दुसरी प्रत मिळते. मात्र ६०८ म्हणजे धंद्याचा परवाना नव्हे. टेक्निशियनचं कौशल्य दाखवणारं नेट (NATE) प्रमाणपत्रही परवाना नव्हे, आणि भारतातून आणलेलं आयटीआयचं प्रमाणपत्रही नव्हे. आयटीआयचं प्रशिक्षणाचा कागद म्हणून जोडा.

पायरी २: नव्या राज्यात परवाना कोणाला लागतो?

न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, इलिनॉय इथे राज्यपातळीवर एचव्हीएसीचा (एसी-हीटिंगच्या कामाचा) परवानाच नाही; चौकशी शहराकडे किंवा काउंटीकडे करावी लागते. फ्लोरिडात राज्याचा परवाना कॉन्ट्रॅक्टरला लागतो, त्याच्या हाताखाली पगारावर काम करणाऱ्याला नाही. टेक्ससमध्ये मात्र साध्या टेक्निशियनलाही टीडीएलआर या खात्याकडे नोंदणी करावी लागते. तिला परीक्षा नाही. म्हणून टेक्ससला जाणाऱ्याने आधी ही नोंदणी करून परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडे काम धरावं आणि कॉन्ट्रॅक्टरच्या परवान्याचा मोठा अर्ज मागून चालू द्यावा. पगार थांबत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

पायरी ३: वाट निवडा

कॉन्ट्रॅक्टरच्या परवान्यासाठी साधारण तीन वाटा आहेत.

पहिली, दोन राज्यांमधला परस्पर-मान्यतेचा करार. टेक्ससचा असा करार जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाशी आहे. कॅलिफोर्नियाने काही राज्यांशी केलेल्या करारात फक्त कामाची परीक्षा माफ होते, कायदा आणि व्यवसायाची परीक्षा द्यावीच लागते. करार असला तरी वर्ग जुळला पाहिजे. जॉर्जियाचा क्लास १ म्हणजे ६०,००० बीटीयूपर्यंतचं (बीटीयू हे उष्णतेचं माप) कूलिंग, म्हणजे ५ टनांचा एसी. टेक्ससचा क्लास बी २५ टनांपर्यंत जातो आणि क्लास ए ला मर्यादाच नाही. लहान वर्गाच्या परवान्यावर मोठा वर्ग मिळेल ही आशा धरू नका.

दुसरी वाट सरसकट मान्यतेची. ॲरिझोनाने २०१९ मध्ये ती सुरू केली: दुसऱ्या राज्यातला त्याच प्रकारचा परवाना किमान १ वर्ष असावा, चालू असावा, त्यावर कारवाई झालेली नसावी, आणि तुम्ही ॲरिझोनात राहायला आलेले असावेत. तिथल्या कायद्यावरची परीक्षा तरीही मागितली जाऊ शकते. फ्लोरिडात अशीच सोय १० वर्षं परवाना असलेल्यांना आहे. अर्ज जुना परवाना चालू असताना किंवा बंद झाल्यापासून २ वर्षांच्या आत करावा लागतो.

तिसरी वाट म्हणजे अनुभव दाखवून परीक्षा देणं. लांबची वाटते, पण तिच्यात दुसऱ्या राज्याच्या मर्जीवर काही अवलंबून नसतं.

पायरी ४: कागदपत्रं

बहुतेक अर्ज इथेच अडकतात. जुन्या राज्यातल्या परवाना देणाऱ्या बोर्डाकडून परवाना-पडताळणीचं पत्र मागवा. बहुतेक राज्यांना ते बोर्डाकडून थेट हवं असतं. तुम्ही जोडलेली झेरॉक्स चालत नाही. ते यायला वेळ लागतो, म्हणून सामान बांधण्याआधी मागणी नोंदवा. परवाना परीक्षा देऊन मिळाला होता का, हेही त्या पत्रात यायला हवं. बऱ्याच करारांत हीच अट असते.

अनुभवाचा हिशेब महिन्यांत करा. टेक्ससच्या कॉन्ट्रॅक्टर परवान्याला गेल्या ७२ महिन्यांतला ४८ महिन्यांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. म्हणजे मधली सूट २४ महिन्यांची. अडीच वर्षं सेल्समध्ये काढली असतील तर आधीचा दहा वर्षांचा अनुभवही पुरत नाही. कॅलिफोर्नियाच्या सी-२० (एसी-हीटिंग कॉन्ट्रॅक्टरच्या) परवान्याला गेल्या १० वर्षांतली ४ वर्षं लागतात. पगाराचे डब्ल्यू-२ कागद नोकरी सिद्ध करतात, काम नाही. म्हणून जुन्या वरिष्ठाकडून तारखांसह पत्र घ्या: इन्स्टॉलेशन, डक्ट, रेफ्रिजरंट चार्जिंग, कंट्रोल वायरिंग, काय काय केलं ते. नोकरी सोडण्याआधी घ्या, नंतर दुकानं बंद होतात आणि माणसं सापडत नाहीत.

आपल्या लोकांची खास अडचण नावाची. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, जुन्या परवान्यावर तेही नाही. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि नोंदणीतलं नाव जुळलं नाही तर परत पाठवतात. एकच रूप ठरवून सगळीकडे तेच लिहा.

पायरी ५: विमा आणि बाँड

टेक्ससच्या क्लास ए साठी प्रत्येक घटनेमागे ३ लाख आणि एकूण ६ लाख डॉलरचा दायित्व विमा (कामात दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाईचा) लागतो. क्लास बी साठी १ लाख आणि २ लाख. कॅलिफोर्नियात २०२३ पासून बाँड, म्हणजे कॉन्ट्रॅक्टरने द्यायची हमी, २५,००० डॉलरचा आहे, आणि सी-२० वाल्याला एकही कामगार नसला तरी कामगार-भरपाई विमा घ्यावा लागतो. विम्याच्या कागदावर धंद्याचं नाव अर्जातल्यासारखंच हवं, ‘एलएलसी’सुद्धा गाळू नका.

परवाना येईपर्यंत स्वतःच्या नावाने कोटेशन देऊ नका, गाडीवर बोर्ड लावू नका. कॅलिफोर्नियात विनापरवाना केलेल्या कामाचे पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत, आणि ग्राहकाने मागितले तर आधी घेतलेलेही परत करावे लागतात.