जड पायांनी धावायचं कसं, आणि तेही मजेत

लांब पल्ल्याचा सराव सुरू केला की पहिल्याच महिन्यात एक गोष्ट कळते: ताजे पाय क्वचितच मिळतात. रविवारी दोन तास धावलात की सोमवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो आणि मंगळवारी बूट चढवतानाच मांड्या कुरकुरायला लागतात. पाय मोकळे होण्याची वाट बघत बसलात तर आठवड्यात एकच दिवस धावणं होईल. त्यापेक्षा जड पायांनी धावायला शिकलेलं बरं.

१. आधी दुखणं ओळखा

दोन्ही पायांत सारखं, बोथट, पसरलेलं दुखत असेल आणि हालचालीनं जरा सैल पडत असेल, तर तो थकवा. असं दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं, उतारावर धावल्यानंतर तर जास्तच. लोक लॅक्टिक ॲसिडला दोष देतात, पण रक्तातलं वाढलेलं लॅक्टेट तासाभरात जवळजवळ पूर्वपदावर येतं. दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजेमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे.

एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी, विशेषतः हाडावर दुखत असेल किंवा लंगडावं लागत असेल, तर त्या दिवशी धावायचं नाही. नडगीवरची अशीच एक जागा मी थकवा समजून तीन आठवडे रेटली आणि पुढचे दोन महिने नुसता चालत राहिलो. लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

२. पहिली पंधरा मिनिटं मोजू नका

पाच मिनिटं चाला, मग दहा मिनिटं इतकं हळू धावा की आपलं आपल्यालाच हसू यावं. या वेळात पाय जे सांगतात त्यावर विश्वास ठेवू नका. स्नायू गरम व्हायचे असतात, सांधे आखडलेले असतात. पंधराव्या मिनिटाला निर्णय घ्या: सुरुवातीपेक्षा बरं वाटत असेल तर पुढे, वाईट वाटत असेल तर घरी. म्हणूनच अशा दिवशी सरळ दूर जाणारा रस्ता नको, छोट्या फेऱ्या घ्या. परतीचे सहा किलोमीटर समोर असताना कुणी शहाणपणानं वागत नाही.

३. घड्याळ झाका

पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवा. नेहमीपेक्षा किलोमीटरमागे मिनिटभर जास्त लागलं तरी बिघडत नाही. जड पायांनी नेहमीचा वेग गाठायला जाणं, हेच धावण्याचा कंटाळा येण्याचं मुख्य कारण आहे असं माझं मत.

४. पावलं आखूड करा

थकल्यावर पाऊल शरीराच्या फार पुढे टाकण्याची सवय लागते आणि प्रत्येक पावलाला ब्रेक लागल्यासारखं होतं. पाऊल लहान, जरा भरभर. पाय ऐकत नसतील तर हातांची लय वाढवा, पाय मागोमाग येतात. चढ चालत चढा, त्यात कमीपणा नाही.

५. कधीतरी मुद्दाम थकून धावा

धावताना शरीराच्या दर किलोमागे दर किलोमीटरला अंदाजे १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला किलोमीटरमागे सुमारे ६०. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा साधारण २,००० किलोकॅलरींचा. चरबीही जळत असली तरी ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनमध्ये अनेकांची तिसाव्या किलोमीटरनंतर दमछाक होते, त्यामागे हा हिशेब आहे. पण ती अवस्था अनुभवायला दर वेळी ३२ किलोमीटर धावायची गरज नाही. शनिवारी दीड तास आरामात धावा, रविवारी पुन्हा तासभर. साठा पुरता भरलेला नसतो, पाय दुखरे असतात, त्यामुळे शेवटच्या दहा किलोमीटरचा सराव कमी अंतरात होतो. हे दोन-तीन आठवड्यांतून एकदाच, आणि नवख्यांनी काही महिने नियमित धावल्यानंतरच. उपाशीपोटी मुद्दाम हाल करून घेऊ नका. दीड तासापेक्षा जास्त धावणार असाल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या.

६. डोक्याचा थकवा वेगळा काढा

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ जणांना ९० मिनिटं डोकं शिणवणारं काम दिलं आणि मग दमेपर्यंत सायकल चालवायला लावलं. डोकं ताजं असतानाच्या तुलनेत ते लवकर थांबले, पण हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत याचं कारण सापडलं नाही. तेवढाच जोर त्यांना जास्त अवघड वाटत होता. म्हणून दिवसभराच्या कामानंतर ‘पायच चालत नाहीत’ असं वाटलं तर ते पायच आहेत का, हे विचारून बघा. अशा दिवशी रस्ता, कपडे, अंतर आधीच ठरलेलं असू द्या. गप्पिष्ट सोबती मिळाला तर उत्तमच.

७. दोन आकडे लिहून ठेवा

पहिल्या मिनिटाला पाय किती जड होते आणि विसाव्या मिनिटाला किती, दहापैकी. माझ्या वहीत ‘८, मग ५’ अशा नोंदींची रांग आहे. मला मजा येते ती या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी, पाय अचानक सुटतात तेव्हा. ‘५, मग ८’ असेही दिवस आहेत. त्यांच्यापुढे बहुतेकदा आदल्या रात्रीची झोप लिहिलेली सापडते: पाच तास.