इंटरफिअरन्सवर कोच विचारायला आले तर

सॉफ्टबॉलमध्ये साध्या सेफ-आऊटवरची कुरबुर पुढच्या पिचपर्यंत विरते. इंटरफिअरन्सचं, म्हणजे रनरने फील्डरच्या खेळात अडथळा आणल्याच्या निर्णयाचं, तसं नसतं. रनर आऊट, चेंडू डेड (खेळ थांबलेला), बाकीचे रनर मागे, असं अंपायरच्या एका हाकेत सगळं फिरतं, त्यामुळे कोच येणारच. पुण्यातल्या शालेय स्पर्धांमध्ये हे कोच अनेकदा क्रीडाशिक्षक असतात. नियमाचं पुस्तक त्यांनीही वाचलेलं असतं. 'सर, तो माझा निर्णय आहे' एवढ्यावर त्यांची बोळवण करणं बरोबर नाही, आणि ते खपतही नाही.

उत्तराची तयारी हाक देतानाच होते. आधी दोन्ही हात वर करून मोठ्याने 'डेड बॉल', मग ज्या रनरने अडथळा आणला तिच्याकडे हात करून 'इंटरफिअरन्स', आणि शेवटी आऊटची मूठ. आधी मूठ दाखवली तर बाकीच्या रनर पळत राहतात, फील्डर थ्रो करत राहतात आणि पुढची पाच मिनिटं सगळ्यांना परत आणण्यात जातात. त्याच क्षणी तीन गोष्टी मनात पक्क्या करा: चेंडू कुठे होता, तो कोणती फील्डर खेळत होती, आणि प्रत्येक रनरने तोवर कोणत्या बेसला शेवटचा पाय लावला होता. कोच पोचण्याआधी रनर जागेवर लावून टाका. रनर अजून इकडेतिकडे उभ्या असल्या की पाहणाऱ्याला वाटतं, अंपायरचं अजून ठरतंय.

खेळ थांबल्यावर, टाईम दिल्यावरच बोलायचं, आणि तेही फक्त मुख्य कोचशी. बेस कोच आणि कॅप्टन दोघंही बोलू लागले तर 'सर, तुम्ही एकटे या' असं म्हणा. मास्क काढा, डगआऊटपासून चार पावलं दूर व्हा, आणि त्यांचं पहिलं वाक्य पुरं होऊ द्या. त्या वाक्यातच कळतं की प्रश्न तुमच्या नजरेचा आहे की नियमाचा. 'धक्का लागलाच नाही' हा नजरेचा प्रश्न. त्याला एकच वाक्य पुरे: 'सर, मी पाहिलं, तिच्यामुळे सेकंड बेसच्या मुलीला थांबावं लागलं.' यावर प्रोटेस्ट, म्हणजे नियम चुकीचा लावल्याची रीतसर तक्रार, होत नाही. 'मुद्दाम नव्हतं, मग आऊट कशी?' हा नियमाचा प्रश्न आहे आणि त्याला पूर्ण उत्तर द्यायलाच हवं.

इथेच सर्वांत मोठी चूक होते. कोच म्हणतात, 'सर, माझी मुलगी काही मुद्दाम आदळली नाही हो.' अंपायर गडबडीत म्हणतो, 'मला मुद्दाम वाटलं, म्हणून दिला.' निर्णय अगदी बरोबर असतो, पण कारण चुकीचं सांगितल्यामुळे तो प्रोटेस्टला उघडा पडतो. बॅटवरून आलेला चेंडू फील्डर खेळत असेल तर रनरचा हेतू बघायचाच नसतो; वाट देण्याची जबाबदारी रनरची. फेकलेल्या चेंडूच्या वेळी मात्र हेतू बघावा लागतो. म्हणून उत्तर असं द्या: 'शॉर्टस्टॉप ग्राउंडर खेळत होती, तिला रनरचा अडथळा झाला. बॅटवरच्या चेंडूला हेतू लागत नाही.' (शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसमधली फील्डर, ग्राउंडर म्हणजे जमिनीवरून आलेला चेंडू.) पुस्तकातले शब्द वापरा, पदरचे घालू नका.

दुसरा नेहमीचा वाद फर्स्ट बेसच्या लेनचा, म्हणजे फर्स्टकडे पळणाऱ्या बॅटरसाठी आखलेल्या पट्टीचा. होम ते फर्स्ट हे अंतर 60 फूट. त्यातल्या शेवटच्या 30 फुटांना 3 फूट रुंदीची लेन असते. शाळेच्या मैदानावर फक्कीने बेसलाईन आखतात आणि लेन विसरतात. सामन्याआधी चालत जाऊन बघा, नसेल तर आखून घ्या. पावसात पुसली असेल तर इनिंगच्या मध्ये पुन्हा मारायला सांगा. रेष नसताना दिलेल्या निर्णयावर तुम्ही कितीही बरोबर असलात तरी समजावणं अवघड जातं. कोचना हेही सांगता आलं पाहिजे की लेनबाहेर पळणं म्हणजे आपोआप आऊट नाही. थ्रो आलेला हवा, आणि तो घेणाऱ्या फील्डरला अडथळा झालेला हवा. ग्राउंडर खेळणाऱ्या फील्डरला चुकवायला रनर बाहेर गेली तर तो तिचा हक्कच आहे.

'मग ऑब्स्ट्रक्शन का नाही?' हाही प्रश्न येतो. ऑब्स्ट्रक्शन म्हणजे उलटं, फील्डरने रनरला अडवणं. फील्डरकडे चेंडू नाही, ती बॅटवरचा चेंडूही खेळत नाहीये आणि तरी वाटेत उभी आहे, तर चूक फील्डरची. तिथे डावा हात आडवा करायचा, खेळ लगेच थांबवायचा नाही.

कोच 'दुसऱ्या अंपायरना विचारा' म्हणतील. तुमची नजर खरोखर अडली असेल तरच जा. दोघंच बाजूला उभे राहा, जोडीदाराने फक्त काय पाहिलं तेवढं सांगायचं, आणि अंतिम हाक पुन्हा तुम्हीच द्यायची. जोडीदाराने न विचारता मध्ये पडू नये, हे सामन्याआधीच ठरवा. उत्तर एकदा दिल्यावर तोच प्रश्न पुन्हा आला तर 'सर, उत्तर दिलंय, आता खेळूया' म्हणून वळा. आवाज चढला तर स्पष्ट ताकीद.

प्रोटेस्ट म्हणाले तर रागावू नका, तो त्यांचा हक्क आहे. पुढच्या पिचआधी म्हटलं पाहिजे, एवढंच बघा. इनिंग, किती आऊट, बॅटरचा काऊंट (किती बॉल, किती स्ट्राइक), कोण कुठल्या बेसवर, स्कोअर आणि कोणता नियम, हे सगळं स्कोअररकडे जागच्या जागी लिहून घ्या. समोरच्या कोचनाही सांगा, मगच 'प्ले' म्हणा. सामन्याच्या शेवटच्या आऊटवर इंटरफिअरन्स दिला असेल तर मुदत तुम्ही मैदान सोडेपर्यंत असते. म्हणून पिशवी उचलून तडक निघू नका. स्कोअरशीटवर सही करताना कोच कुठे आहेत ते एकदा बघा.