पोट्ट्यांच्या थ्रिलरची पहिली दोन मिनिटं कशी तपासायची

गॅदरिंग जवळ आली की आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाही पट्ट्यात आता नाटकासोबत मोबाइलवर काढलेल्या फिल्मापण येऊन राह्यल्या, आणि त्यातल्या बहुतेक थ्रिलर. पूर्ण फिल्म बनवायला ना वेळ ना पैसे, म्हणून आम्ही फक्त सुरुवात मागतो, टायटलसकट दोन मिनिटं. तपासणार कोण, तर ज्या सरांना कम्प्युटर येते ते, म्हणजे मी. पहिल्या वर्षी मी सपशेल चुकलो. लग्नात शूटिंग करणारा ड्रोनवाला भाऊ पकडून आणलेल्या गटाला पहिला नंबर देऊन बसलो, काऊन तर वरून तलाव काय झकास दिसत होता. आज त्या फिल्मचं आठवायला बसलो तर फक्त तलाव आठवते, गोष्ट काय होती ते देवाला माहीत. तर तुमच्या कॉलेजात हे काम तुमच्या गळ्यात पडलं असेल तर मी शिकलो ते सांगतो.

पहिल्यांदा पाहताना पेन खाली ठेवा, मार्कांचा कागद उलटा करून ठेवा. आणि पोट्ट्यांना तोंड उघडू देऊ नका. ते सुरुवातीलाच सांगायला लागतात की सर तो जो येते ना तो त्याचा चुलतभाऊ आहे आणि त्याच्या वावराचा वाद आहे, त्यांना म्हणा बस खाली, फिल्मच सांगेल काय सांगायचं ते. फिल्म संपली की कोणाशी न बोलता तीन ओळी लिहा, कोण होता, त्याला कशाची भीती किंवा धोका होता, आणि आता पुढं मला काय पाहायचंय. तिसरी ओळ कोरी राहिली तर समजा गडबड आहे, बाकी कॅमेरा कितीही भारी असू द्या. आणखी एक लिहायचं, मन कुठं सुटलं. म्हणजे कोणत्या जागी तुम्ही खिडकीकडं पाहिलं किंवा मोबाइलवर हात गेला. मी तर घड्याळच लिहून ठेवतो, ०:४८ ला सुटलं, १:२० ला परत आलं. हा आकडा पुढं फार कामी येते.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. सुरुवात मागितली तर पोट्टे अख्खी फिल्म दोन मिनिटांत आणून देतात. खून झाला, पोलीस आले, मित्रानंच मारलं, शेवटी "धन्यवाद". हे सुरुवात म्हणून तपासताच येत नाही, सुरुवातीनं दार उघडायचं असते आणि यांनी तर कुलूप लावून चावी पण देऊन टाकली. ब्रिटनमधे ओसीआर नावाच्या परीक्षा बोर्डाच्या मीडिया स्टडीजच्या कोर्सला हेच काम असायचं, नव्या फिल्मचे टायटल आणि सुरुवात, जास्तीत जास्त २ मिनिटं, आणि संगीत-आवाज कॉपीराइट नसलेले बाहेरून चालतील पण बाकी सगळं स्वतःचं पाहिजे. तिथं १०० पैकी ६० मार्क फिल्मला, २० तयारीला आणि २० पोरांनी आपल्याच कामाचं जे मोजमाप लिहायचं त्याला. ही शेवटची गोष्ट मी उचलली, आमच्याकडं पण प्रत्येक गटाकडून एक पान लिहून घेतो, काय जमलं, काय फसलं. त्या पानावर जे "सगळं जमलं" लिहितात त्यांची फिल्म मी दोनदा जास्त पाहतो.

थ्रिलर म्हणजे नेमकं काय तपासायचं, हे मला एका मोटरपंपाच्या फिल्मनं शिकवलं म्हणून ती जरा तपशिलात सांगतो. उन्हाळी धान, रात्रपाळीची लाइट. दोन वाजता बाप पोट्ट्याला हलवून उठवते, "जाय बे, मोटर चालू करून ये". पोट्टा बॅटरी घेऊन निघते, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून चालते, पुढं बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात चिखल म्हणून चप्पल काढून हातात घेते, आणि चार पावलं टाकल्यावर एकदम झटका लागून पडते. मग कॅमेरा हळूच खाली जाते आणि आपल्याला दिसते की कोणीतरी रानडुकरासाठी करंटची तार टाकली होती. बेकायदा आहे, तरी लोक टाकतात, आणि माणसं मेली आहेत त्याच्यानं, त्यामुळं विषय ऐकूनच हॉल गप्प झाला होता. पण पडल्याबरोबर एक जण हसला. दचकले सगळे, पण अर्धा सेकंद, आणि मग संपलं.

थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉक, त्यानं १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक ट्रुफोशी बोलताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का, पण बॉम्ब आहे हे आधी माहीत असलं आणि टेबलावरची माणसं निवांत गप्पा मारत असली तर १५ मिनिटांचा जीव टांगणीला. मी पोट्ट्यांना म्हटलं तुमचा बॉम्ब म्हणजे तार, ती शेवटी काऊन ठेवली बे? त्यांच्याकडं तारेचा एक जवळून घेतलेला शॉट होताच, तारेला चिकटून मेलेला बेडूक, पोटाकडून पांढरा, कोणाला तरी किळस आली म्हणून काढून टाकला होता. तोच शॉट पहिला लावायला लावला. नवीन काही शूट केलं नाही, फक्त जागा बदलली. दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा पोट्टा चप्पल काढायला वाकला न वाकला तर मागच्या रांगेतून आवाज आला, "अबे घाल ना चप्पल!" आणि त्याचा पाय हवेत असतानाच काळा पडदा आणि टायटल. पडला की नाही पडला ते दाखवलंच नाही.

तेव्हापासून मी हेच पाहतो, की प्रेक्षकाला काय माहीत आहे, पात्राला काय माहीत आहे, आणि दोघांत फरक ठेवला आहे का. फरक नसेल तर ते नुसतं घडून राह्यलं, थ्रिलर नाही. आणि भूत, मेणबत्ती, आरशात बाई हे आलं की ती हॉरर, तिचे मार्क वेगळे, ते पण नीट सांगून टाका नाहीतर पोट्टे म्हणतात सर भीती तर वाटली ना.

दुसऱ्यांदा पाहताना आता पेन उचला. या वेळी शोधायचं की काही पेरलं आहे का. त्याच फिल्ममधे मला दुसऱ्या वेळी दिसलं की बाप पोट्ट्याला उठवते तेव्हा बापाच्या उशाशी पकड पडलेली आहे, तार कापायची, लाल मुठीची. पहिल्या वेळी अजिबात लक्षात आलं नव्हतं. मग डोक्यात किडा सुरू, बापानंच तार टाकली का, आणि टाकली तर पोट्ट्याला काऊन पाठवलं, विसरला की मुद्दाम? दोन मिनिटांत एवढं पेरता आलं तर मी बाकीच्या दहा चुका माफ करतो. आधी गटाला विचारून घ्या मात्र, कधी कधी ती पकड खरंच कोणाच्या तरी घरची चुकून राहून गेलेली असते. इथं तसं नव्हतं.

तिसऱ्यांदा डोळे मिटून. हो, फक्त ऐका. गावच्या फिल्मा इथंच मार खातात, चित्र चांगलं आणि आवाजात नुसता वारा भरभरून राह्यला. आणि रात्र दाखवायची म्हटली की डाउनलोड केलेला लांडगा ओरडते, मागं पियानो. अरे आपल्या धानाच्या बांधीत रात्री काय ऐकू येते? बेडूक, रातकिडे, दूरची मोटर, आणि मधेच टिटवी. टिटवी ओरडली की आपली आजी काय म्हणते ते प्रत्येक घरी माहीत आहे, फुकटात मिळालेली भीती आहे ती, वापरा. ज्या गटानं तिथला आवाज वेगळा दोन मिनिटं रेकॉर्ड करून खाली अंथरला असेल त्यांना मी डोळे मिटूनच मार्क देतो. आणि शांतता. एखादा गट एवढा हुशार निघते की मोटरचा आवाज चालू ठेवते आणि एकदम बंद करते. नुसतं तेवढ्यानं हॉल हलते.

कॅमेऱ्याचं थोडक्यात, कारण पोट्टे यावरच जास्त वेळ घालवतात आणि आपणपण फसतो. आवाज बंद करून एकदा पाहा. पात्र वावराकडं डावीकडून उजवीकडं चाललं होतं आणि पुढच्या शॉटमधे उजवीकडून डावीकडं, म्हणजे प्रेक्षकाला वाटते घरी परत निघालं. बॅटरी उजव्या हातात होती, आता डाव्यात. चप्पल पायात की हातात, आमच्या फिल्ममधे तर त्याच्यावरच गोष्ट उभी होती, तरी एका शॉटमधे चप्पल परत पायात आली होती. घरातल्या ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे सरकताना दिसले तर तो मोबाइलचा दोष नाही, आपली वीज ५० हर्ट्झची, शटरचा वेग १/५० नाहीतर १/१०० सेकंदावर ठेवला की ते पट्टे जातात, हे सांगून द्या. आणि चालता चालता उजेड आपोआप कमी-जास्त होत असेल तर स्क्रीनवर बोट दाबून एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं प्रमाण, लॉक करायचं राहिलं. यातल्या चुकांचा एकेक मार्क कापा, जास्त नको. ज्याच्या घरी भारी फोन आहे त्याला फोनचे मार्क द्यायचे नाहीत.

अभिनय. हा आमचा झाडीपट्टीचा खास प्रॉब्लेम. दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं रात्र-रात्र पाहून वाढलेले पोट्टे, त्यांना आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायची सवय, आणि कॅमेरा असते हातभर अंतरावर. "को-ण आहे ति-कडं!" असं म्हटलं की भीती पळूनच जाते. पण यासाठी नाटकाला नावं ठेवू नका, मीपण त्याच मंडपात झोपलेलो आहे. फक्त सांगा की हेच वाक्य बाजूला झोपलेल्या भावाला उठू न देता म्हण. आणि भाषा. "तिकडे कोण आहे" असं पुस्तकी बोलायला लावू नका, "कोन होये बे" म्हटलं तर म्हणू द्या, शुद्ध भाषेसाठी मार्क कापणारे परीक्षक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यासोबत माझं जमत नाही.

टायटल बहुतेक लाल रंगात, रक्त गळणारे अक्षर. चालते, पण एक तपासा, मोबाइलच्या ऍपमधे मराठी जोडाक्षरं फुटतात, दिग्दर्शकाचा "दिग् दर्शक" होते, वेलांटी भलतीकडं जाते. दुसरीकडं नाव टाइप करून त्याचा फोटो करून टाकला की काम होते. नाव स्क्रीनवर किती वेळ पाहिजे, तर मनातल्या मनात दोनदा वाचून होईल एवढा. आणि नावं अशा जागी नको की नेमका धोका दिसतो त्याच्यावरच "साहाय्यक" येऊन बसेल.

एक गोष्ट मार्कांच्या आधीची. कुठं आणि कधी शूट केलं ते विचाराच. आमचा भाग वाघाचा आहे, हे काही सांगायची गरज नाही, आणि फिल्मसाठी जंगलाच्या कडेला अंधारात गेलेल्या गटाला मी हिमतीचे मार्क देत नाही, उलट घरी फोन करतो. रात्र पाहिजे तर सूर्य बुडाल्यावरची वीसेक मिनिटं घ्या, एक्सपोजर खाली ओढा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे चित्राची रंगछटा, थोडी निळी, आकाश फ्रेममधे येऊ देऊ नका, रात्र दिसते. त्या तारेच्या फिल्मवाल्यांना मी पहिला प्रश्न हाच केला होता. तार भंगारातली होती, दोन्ही टोकं मोकळी, आणि स्टार्टरचा शॉट दिवसा मेन बंद करून घेतला होता. मग पुढं बोललो.

मार्क मी ५० पैकी देतो. उत्सुकता आणि माहिती दाबून ठेवायची कला याला २०, आवाजाला १०, कॅमेरा आणि एडिटिंग मिळून १०, टायटलला ५, त्यांच्या एका पानाला ५. कोणी म्हणेल पहिल्याला जास्त झाले, तर झाले. आणि शेरा लिहिताना "छान प्रयत्न" लिहू नका, त्यानं पोट्टा काहीच शिकत नाही. वेळ टाकून लिहा, "०:४८ ते १:०५ नुसतं चालणं आहे, अर्धं काप". एका फिल्मला एकच मोठी दुरुस्ती सांगा, आठ सांगितल्या की ते एकपण करत नाहीत, आणि दुरुस्त करून आणली तर परत तपासा, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच तारीख लावा.

राहिलं एक, फिल्म फक्त आपण मास्तरांनी पाहू नये. आम्ही खिडक्यांना बारदाना लावून शिपाई काका, डबेवाली मावशी आणि बाहेर गाडी लावायला आलेले दोन शेतकरी असे सगळे बसवतो. त्या पंपाच्या फिल्मला मी ४४ दिले होते, आणि मग एक काका उठून म्हणाले, "हा पोट्टा गेलाच काऊन? ऑटो स्विच लावला असता त मोटर आपोआप चालू झाली असती." हॉल हसला, पोट्टे पडले तोंडघशी, आणि माझ्यापण डोक्यात आलं नव्हतं. लाइट आली की सगळ्या मोटरी एकदम सुरू होऊन डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळते म्हणून महावितरणवाले ऑटो काढा म्हणतात, पण गावात आहेतच ना. दुसऱ्या दिवशी गटानं बापाच्या वाक्याआधी तीन शब्द घातले, "ऑटो जळला बे". मी दोन मार्क वाढवले. काकांना परत बोलावून दाखवली, त्यांनी शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "मंग लाइनमनले फोन नाही केला?"