वेल्डर ट्रेड घ्यायचाय? आधी थोटकांचा डबा बघ

दहावीचा निकाल लागला की आमच्या दारात दोन-चार बापलेक हमखास येतात. "काका, आयटीआयला वेल्डर घेऊ का?" मी कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यांत बावीस वर्षं वेल्डिंगचा होल्डर धरला, म्हणून मला विचारतात. दर जूनला तेच तेच बोलून घसा बसतो, म्हणून यंदा लिहूनच काढलं.

कागदपत्रांचं काम फार नाही. ट्रेड एक वर्षाचा, किमान अट आठवी पास, वय 14 पूर्ण. प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवरून होतो. अर्ज भरायचा, कागद दाखवून निश्चित करून घ्यायचा, मग संस्थांचे विकल्प द्यायचे. एवढं गावातला नेट कॅफेवालाही करून देईल. पण विकल्प देण्याआधी तू स्वतः एक फेरी मार. चालू दिवशी, अकराच्या सुमारास जा. सुट्टीच्या दिवशी सगळ्याच वर्कशॉप झाडून पुसून छान दिसतात.

आत गेलास की मशीन किती आहेत ते मोजत बसू नकोस. कोपऱ्यातला थोटकांचा डबा शोध. रॉड म्हणजे वितळून जोडात भरली जाणारी कांडी; जळून उरलेले तिचे तुकडे, म्हणजे थोटकं, तिथे टाकतात. डबा भरलेला आणि थोटकं दोनेक इंचांची असली, तर पोरं खरोखर काम करतात. डबा रिकामा असला तर तिथे वर्षभर वही भरायला लावतील. थोटकं अर्ध्या रॉडएवढी लांब दिसली, तर पोरांना रॉड शेवटपर्यंत चालवायला कुणी शिकवलेलं नाही. मग भंगाराच्या ढिगात बघ. जोडलेल्या पट्ट्या वाकवून, मोडून टाकलेल्या दिसायला हव्यात. जोड मोडून आतून बघितल्याशिवाय त्यात काय झालंय ते कळत नाही. वरून गोजिरा दिसणारा बीड, म्हणजे जोडावरची वितळून थिजलेली रेघ, आतून पोकळ निघतो. शेवटी सिलिंडर बघ. ऑक्सिजनचा काळा, ॲसिटिलिनचा मरून. दोन्ही उभे आणि साखळीने बांधलेले हवेत. मोकळे आडवे पडले असतील तर दुसरी संस्था शोध.

प्रवेश झाला की पहिले तीन महिने सोसायचे. शर्ट पूर्ण बाह्यांचा आणि सुती घाल. नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. पँटचा काठ दुमडू नकोस, ठिणग्या नेमक्या त्यातच जाऊन बसतात. शंभरेक ॲम्पियर करंटला तोंडावरच्या ढालीची काच 10 किंवा 11 नंबरची लागते. मी पहिल्या आठवड्यात "जरासंच बघू" म्हणून दुसऱ्याचा आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, उघड्या डोळ्यांनी बघितला. दिवसभर काहीच झालं नाही. रात्री दोन वाजता डोळ्यांत मूठभर वाळू ओतल्यासारखं झालं. आईने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या, गार वाटलं, पण उतारा पडला तो डॉक्टरांच्या थेंबांनी.

हात बसवायला 6013 जातीचा 3.15 मिमी जाडीचा रॉड घे. त्याला 90 ते 130 ॲम्पियर चालतो. तू 110 वर सुरू कर. प्लेट 10 मिमीची, सपाट ठेवलेली. काडेपेटीवर काडी ओढतात तसा रॉड घासायचा आणि आर्क लागला की लगेच किंचित वर घ्यायचा. अंतर रॉडच्या जाडीएवढं, त्याहून जास्त नाही. सुरुवातीला रॉड चिकटणारच. मनगटाला झटका देऊन सोडव. नाहीच सुटला तर होल्डरची पकड मोकळी कर, नाहीतर रॉड लालबुंद होतो. एकसारखं वीस-पंचवीस प्लेटा भरेपर्यंत नुसते सरळ बीड ओढ. वेव्हिंगची, म्हणजे रॉड डावी-उजवीकडे झुलवत नेण्याची, घाई नको.

आता मुद्द्याचं. सगळे डोळ्यांनी शिकायला बघतात, पण काचेआड नवख्याला फक्त उजेड दिसतो. तू कान लाव. आर्क बरोबर असला की कढईत भजी तळल्यासारखा सलग आवाज येतो. रॉड लांब गेला की आवाज फडफडतो आणि शिंतोडे उडतात. रॉड फार दाबला की आवाज घुसमटतो, मग चिकटतो. आवाज ओळखायला लागलास की पुढे डोळाही उघडतो: वितळलेलं लोखंड कुठलं आणि त्यावर तरंगणारा स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची मळी, कुठला, हे वेगळं दिसायला लागतं. मला ते दिसायला दीड महिना लागला.

   

परीक्षा झाली की लगेच दुकानात चिकटू नकोस, अप्रेंटिसशिप कर. कारखान्यात गेलास तर हंगाम संपल्यावर दुरुस्तीत सगळ्या प्रकारचं काम हातून जातं. हंगामात वेगळंच: मिलचा रोलर गुळगुळीत होऊन ऊस घसरायला लागला की त्याच्या दातांवर आर्किंग करतात, म्हणजे वेल्डिंगचे टिपके मारून ते खरखरीत करतात, रोलर फिरत असतानाच. समोर ऊस पिळला जातोय, अंगावर रस उडतोय आणि तू टिपके मारतोयस. पहिल्या दिवशी माझे पाय लटपटत होते.

खरा भाव मिळतो बॉयलरच्या ट्यूबला. त्यासाठी बाष्पके संचालनालयाची वेगळी परीक्षा आहे आणि दाखला दोन वर्षांचाच असतो. तयारी 6G ची कर: पाईप 45 अंशांत पक्का बसवलेला, फिरवायचा नाही, तूच त्याच्याभोवती वाकायचंस. 7018 जातीचे रॉड ओव्हनमध्ये भाजून, गरम ठेवून वापर. ओलसर रॉडने जोडाला तडा जातो. मी पहिल्या खेपेला नापास झालो, बेंड टेस्टला, म्हणजे तुकडा वाकवून बघताना, रूट, म्हणजे जोडाचा तळ, उघडला. तो तुकडा पलंगाखाली ठेवलाय. आलास तर दाखवतो, नेमका कुठे उघडलाय ते.