टोपली २४९ ची, डिलिव्हरी ३४० ची: ऑनलाइन मागवताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात धुण्याचे कपडे ठेवायला प्लास्टिकची टोपली मागवली. किंमत २४९ रुपये. पैसे भरायच्या पानावर गेलो तर एकूण ५८९! आधी वाटलं, कार्टमध्ये चुकून दोन पडल्या. पण टोपली एकच होती, वरचे ३४० डिलिव्हरीचे. विक्रेत्याला चॅटवर विचारलं, तर एका शब्दात उत्तर आलं: 'व्हॉल्यूमेट्रिक'. तरी मागवली, कारण घरात रंग पसंत पडून गेला होता.

खोकं आल्यावर शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि मोजलं. लांबी ४० सेंटिमीटर, रुंदी ४०, उंची ५०. तिघांचा गुणाकार ८०,०००, त्याला ५००० ने भागलं की १६. खोक्यासकट टोपली दीड किलोचीही नव्हती, पण कुरिअरच्या वहीत ते १६ किलोचं पार्सल होतं.

बऱ्याच कुरिअर कंपन्यांचा हिशेब असाच चालतो. काही जण ५००० ऐवजी ४००० किंवा ६००० ने भागतात, एवढाच फरक. खरं वजन आणि हे मापावरून काढलेलं, म्हणजेच 'व्हॉल्यूमेट्रिक' वजन, यातलं जे जास्त असेल त्यावर पैसे लागतात. आपल्या खानदेशातल्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. सुट्ट्या कापसाने ट्रॉली वरपर्यंत भरते, पण काट्यावर आकडा चढत नाही. त्याच ट्रॉलीत केळीचे घड टाकले तर टायर दबतात. गाडी मात्र दोन्ही वेळा सारखीच अडते, आणि गाडीवाला भाडं त्या जागेचं मागतो.

म्हणून उशा, बीनबॅग, मोठे डबे, कुंड्या, लॅम्पशेड असल्या फुगीर वस्तू घेताना नुसतं वजन पाहू नका. उत्पादनाच्या माहितीत 'पॅकेजचं माप' अशी ओळ असते, तिथे पाहा. तीच टोपली घडीची घेतली असती तर खोकं ४० बाय ४० बाय ८ चं झालं असतं. करा हिशेब: अडीच किलोच्या जरा वर. एकात एक बसणारे डबे सुटे घेण्यापेक्षा संचात घ्यावेत, तेही याच कारणाने.

पिन कोड कुणाचा टाकलाय?

ही चूक घरोघरी होते. ॲपमध्ये पहिला पत्ता पुण्याला शिकणाऱ्या मुलाचा असतो. वस्तू पाहताना 'मोफत डिलिव्हरी' दिसते, शेवटी गावचा पत्ता निवडला की चार्ज उगवतो. वस्तू बघायला सुरुवात करण्याआधीच वर गावचा पिन टाकून ठेवा.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. गावच्या पिनवर 'डिलिव्हरी उपलब्ध नाही' असं येतं, म्हणून लोक पत्ता गावचा ठेवून पिन तेवढा जळगाव शहराचा, ४२५००१, टाकतात. पार्सल जळगावला येऊन पडतं, तिथून पुढे न्यायला कुणी बांधील नसतं, आणि चार दिवसांनी 'पत्ता चुकीचा' म्हणून परत जातं. अंदाजाने पिन टाकणंही नको. चाळीसगाव जळगाव जिल्ह्यात, पण त्याचा पिन ४२४१०१, म्हणजे सुरुवात धुळ्यासारखी. नंदुरबारचा ४२५४१२, सुरुवात जळगावसारखी! टपालाची वाटणी आणि जिल्ह्याची हद्द यांचा मेळ बसेलच असं नाही.

सातपुड्यातल्या गावांना काही खासगी कुरिअर थेट जात नाहीत किंवा 'ओडीए' म्हणून जादा आकार लावतात. याचा अर्थ त्यांच्या नेहमीच्या डिलिव्हरीच्या हद्दीबाहेरचा भाग. अशा वेळी विक्रेत्याला आधीच विचारावं, 'पोस्टाने पाठवाल का?' लहान विक्रेते बहुधा हो म्हणतात.

एक कार्ट, तीन दुकानं

दिवाळीआधी वहिनींनी एकाच ऑर्डरमध्ये पणत्या, तोरण आणि रांगोळीचे साचे मागवले. डिलिव्हरीवाला पोरगा तीन दिवस रोज दारात. तिसऱ्या दिवशी हसत अहिराणीत म्हणाला, "वहिनी, आखो एक शे तुमनं." म्हणजे, आणखी एक आहे तुमचं. तीन वस्तू, तीन विक्रेते, तीन ठिकाणची गोदामं, म्हणून डिलिव्हरी चार्जही तीनदा. ॲप एक असलं तरी आत बाजार भरलेला असतो. वस्तूच्या नावाखाली विक्रेत्याचं नाव बारीक अक्षरात असतं, त्यावर दाबून त्याच्याच दुकानात बाकीच्या वस्तू मिळतात का ते बघा. 'अमुक रुपयांवर डिलिव्हरी मोफत' ही मर्यादाही पुष्कळदा ॲपच्या स्वतःच्या गोदामातल्या मालापुरती असते. बाहेरच्या विक्रेत्याची वस्तू त्या बेरजेत धरत नाहीत.

त्या मर्यादेपायी ४० रुपये वाचवायला २१० रुपयांचा नको असलेला साबण घेणारे आमच्या घरात दोन जण आहेत. त्यातला एक मी.

कॅश ऑन डिलिव्हरीचा, हाताळणीचा, प्लॅटफॉर्मचा असे आकार वेगळे असू शकतात, तेही बघा. डिलिव्हरीवर जीएसटी लागतो. विक्रेता मालाबरोबरच ती आकारत असेल, तर दर त्या मालाचाच. 'कमी किंमत आधी' अशी यादी लावली तर कित्येकदा क्रम डिलिव्हरी सोडून लागतो, त्यामुळे ९९ ची वस्तू वर येते आणि १७९ ला घरपोच मिळणारी खाली राहते.

जड माल आणि बिल्टी

फवारणी पंप, मोटार, ठिबकचे सुटे भाग ठोक विक्रेत्याकडून मागवले की माल कुरिअरने न येता ट्रान्सपोर्टने येतो. इथे विक्रेता 'भाडं वेगळं' एवढंच म्हणतो आणि आपण मान डोलावतो. दोन गोष्टी लेखी घ्या. एक, भाडं त्याने भरलंय की 'टू-पे' आहे. टू-पे म्हणजे माल सोडवताना ते आपण भरायचं. दोन, माल दारात येणार की गोडाऊन डिलिव्हरी. माझ्या मावसभावाचा पंप धुळ्याच्या गोडाऊनला येऊन पडला. भाडं, बिल्टीचा (ट्रान्सपोर्टच्या मालपावतीचा) खर्च, हमाली आणि वरून शिरपूरपर्यंत छोटा हत्ती. पंप स्वस्त पडल्याचा आनंद पारोळा चौफुलीला पोचायच्या आत संपला.

पैसे जास्त गेले तर

वस्तू आवडली नाही म्हणून परत केली, तर सुरुवातीचा डिलिव्हरी चार्ज सहसा परत मिळत नाही. विक्रेत्याची अट आधी वाचा. वस्तू सदोष निघाली किंवा सांगितल्यापेक्षा वेगळी आली, तर गोष्ट निराळी. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. याच नियमांत आहे की एकूण किंमत एका आकड्यात आणि डिलिव्हरीसकट सगळ्या आकारांची फोड दाखवायला हवी. आधी एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर आकार वाढवत नेणं याला 'ड्रिप प्रायसिंग' म्हणतात, आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला मनाई आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. वस्तूचं पान आणि पैसे भरायचं पान, दोन्हींचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा, बिलही ठेवा. पैसे आधीच भरलेले असतील तर दारात कुणालाही जादा देऊ नका. 'पत्ता अपुरा आहे, लिंकवर पाच रुपये भरा' असा मेसेज आला तर तो सरळ पुसून टाका.

टोपलीची तक्रार मी केली नाही. खोक्याचं माप पानावर होतं, अगदी खाली, परतीच्या अटींच्या वर. मीच तिथपर्यंत गेलो नव्हतो.