सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरची मूठ बदलताय? या चुका टाळा

जड काडतुसांच्या वीस-पंचवीस गोळ्या झाडल्या की मधल्या बोटाचं पेर ठणकायला लागतं. अमेरिकेत रुगर कंपनीची सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरं (दर गोळीआधी घोडा, म्हणजे मागचा हातोडा, अंगठ्याने ओढावा लागतो अशी) वापरणाऱ्या आम्हा मंडळींना हे दुखणं चांगलं ओळखीचं आहे, आणि त्यावर सगळ्यांना सुचणारा उपायही एकच: दुसऱ्या मॉडेलची ग्रिप फ्रेम, म्हणजे मुठीचा धातूचा सांगाडा, आणून बसवायची. रुगरमध्ये ते सोपं वाटतं, कारण कोल्ट कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीचे पुढचे-मागचे भाग वेगवेगळे असतात, तर रुगरची पाठ, पुढची बाजू आणि ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीचं कडं) मिळून एकच तुकडा असतो. पाच स्क्रू काढले की तो हातात येतो. गडबड होते ती या सोपेपणामुळेच.

दुखतंय कुठे, हे न बघताच फ्रेम मागवणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 1873च्या कोल्टची नांगराच्या मुठीसारखी वळणाची मूठ मुळात धक्क्यासरशी तळहातात वर सरकावी अशीच आहे. रुगरने 1955च्या ब्लॅकहॉक मॉडेलला साधारण तोच आकार दिला. .44 मॅग्नम या जोरदार काडतुसासाठी 1959मध्ये सुपर ब्लॅकहॉक आली, तिची मूठ लांब आणि ट्रिगर गार्डची मागची बाजू चौकोनी. करंगळीला जागा मिळाली, पण तो चौकोनी कोपरा कित्येकांच्या मधल्या बोटावर आदळतो. म्हणजे तुमचं पेर ठणकत असेल आणि तुम्ही सुपरची चौकोनी गार्डची फ्रेम आणलीत, तर दुखणं वाढेल. करंगळी अधांतरी राहत असेल तर मात्र तीच फ्रेम सुख देईल. मूठ हातात फिरून घोड्याचा मागचा भाग अंगठा-तर्जनीच्या बेचक्याला लागत असेल तर रुगरच्या बिस्ली मॉडेलची फ्रेम बघावी. तिची पाठ सरळ आणि उंच असल्याने ती हातात फारशी फिरत नाही. हात लहान असतील तर यातलं काहीच नको, रुगरच्याच न्यू वाकेरो मॉडेलची बारीक मूठ आधी हातात धरून पाहा.

आणि खरं सांगतो, निम्म्या वेळा फ्रेमला हात लावायची गरजच नसते. गार्डच्या मागची पोकळी भरून काढणारी ग्रिप पॅनेल (मुठीच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या) लावून बघा, नाहीतर करंगळी मुठीखाली दुमडून धरा. माझ्या ब्लॅकहॉकचा प्रश्न जरा जाड लाकडी पॅनेलांनी मिटला होता, तोही फ्रेमवर पैसे घालवून झाल्यावर.

बिस्लीची नुसती फ्रेम घेणं. इंग्लंडमधल्या बिस्लीच्या नेमबाजी मैदानावरून कोल्टने 1894मध्ये हे नाव घेतलं, रुगरने 1980च्या दशकात. ही फ्रेम घोड्यामागे बरीच वर चढते, त्यामुळे नेहमीचा घोडा पूर्ण मागे येण्याआधीच तिला अडतो. बिस्लीचा घोडा, ट्रिगर, स्ट्रट (घोड्याच्या स्प्रिंगमधून जाणारी दांडी) आणि पॅनेल हे सगळं एकत्र घ्यावं लागतं. फ्रेम स्वस्तात मिळाली म्हणून उचलली आणि बाकीचे भाग जमवताना दुप्पट खर्च झाला, असं अनेकांचं होतं.

नावावर विसंबणं. 1973मध्ये ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्यावरच घोड्याचा आघात पुढे पोचवणारी सुरक्षा पट्टी) आला आणि आतली रचनाच बदलली. त्याआधीची आणि नंतरची फ्रेम सरळ अदलाबदल होईल असं धरू नका. 1993ची वाकेरो ब्लॅकहॉकच्या मोठ्या अंगाची आहे, 2005ची न्यू वाकेरो त्याहून लहान. विकणारा नुसतं ‘वाकेरो’ म्हणाला तर साल विचारा. धातूही विचारा: काळ्या ब्लॅकहॉकची फ्रेम बहुधा अ‍ॅल्युमिनियमची, सुपरची आणि बिस्लीची पोलादी. पोलादाने वजन हाताकडे येतं आणि धक्का सौम्य होतो. अ‍ॅल्युमिनियमचे आटे मात्र जोर लावला की जातात, म्हणून पाचही स्क्रू आधी बोटांनी फिरवून बसवावेत आणि मग थोडे थोडे करत सगळे घट्ट करावेत.

स्प्रिंग न अडकवता फ्रेम सुटी करणं. सिलिंडर रिकामं आहे हे डोळ्यांनी बघून ते बाहेर काढा. मग पॅनेल काढून घोडा मागे ओढा. मेनस्प्रिंगच्या (घोड्याच्या मुख्य स्प्रिंगच्या) खालच्या टोकाशी स्ट्रटला बारीक भोक दिसेल, त्यात सरळ केलेली पेपरक्लिप घाला आणि अंगठ्याने धरत घोडा हळूच पुढे सोडा. स्प्रिंग दबलेलीच राहते. आता स्क्रू. ज्या भोकातला स्क्रू त्याच भोकात परत जायला हवा, म्हणून पुठ्ठ्यावर मुठीचं चित्र काढून त्यातच ते टोचून ठेवा. फ्रेम अलग करताना दोन चिमुकल्या स्प्रिंगा आपापल्या प्लंजरसकट (छोट्या दट्ट्यासकट) निसटतात: एक सिलिंडर फिरवणाऱ्या पॉलची, दुसरी सिलिंडर जागेवर अडकवणाऱ्या खिटीची. खाली पांढरा टॉवेल अंथरा. मी पहिल्या वेळी अंथरला नव्हता, आणि पॉलची स्प्रिंग दोन दिवसांनी कपाटाखाली सापडली.

जोडून झाल्यावर काहीतरी बिनसलंच, तर आधी हे तपासा. ट्रिगर लोंबकळतोय, परत पुढे येत नाही? ट्रिगर स्प्रिंगचे दोन पाय फ्रेममधल्या पिनवर बसलेले नाहीत. घोडा ओढला तरी सिलिंडर फिरत नाही किंवा कधी फिरतं, कधी नाही? पॉलची स्प्रिंग राहिली. सिलिंडर फिरतं पण जागेवर अडकत नाही? खिटीची. घोडा पडतो पण प्राइमरवर (काडतुसाच्या बुडातल्या पेटणाऱ्या टोपीवर) खूण पुसट उमटते? स्ट्रट त्या फ्रेमचा नाही, किंवा तो नीट जागी बसलेला नाही.

नवी फ्रेम जुन्या अंगाशी (सिलिंडर ज्यात बसतं त्या मुख्य भागाशी) काठोकाठ जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. कारखान्यात दोन्ही भाग एकत्र घासून पॉलिश केलेले असतात, त्यामुळे परकी फ्रेम घोड्याच्या दोन्ही बाजूंना जराशी बाहेर येते. ती धार बेचक्यात रुतते. तरी लगेच कानस घेऊ नका, आधी डमी (न उडणारी) काडतुसं घालून सगळं नीट चालतंय ना ते बघा. सहाही खाने फिरवून पाहा. ट्रिगर दाबून धरल्यावर ट्रान्सफर बार वर आला पाहिजे, आणि ट्रिगर सोडल्यावर खाली गेला पाहिजे. हे एकदाही चुकलं तर खरं काडतूस घालू नका, सरळ गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या.

भारतातल्या वाचकांनी यातलं काही घरी करून बघू नये. 1959च्या शस्त्र कायद्याखाली तिथे शस्त्राची दुरुस्ती आणि फेरफार यांनाही परवाना लागतो.

इकडे रेंजवर पहिल्या दिवशी एकच काडतूस भरा, तेही हलकं. स्क्रूंना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारा गोंद) लावलेला असला तरी पन्नास गोळ्यांनंतर पाचही पुन्हा तपासा. मागचे दोन, घोड्याशेजारचे, माझे तरी सगळ्यात आधी ढिले होतात.